मँटिस श्रिंप आणि मासे एकाच टाकीत: पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी

मँटिस श्रिंप माशांबरोबर ठेवता येतो का? येतो. फक्त टाकी त्याची आहे आणि मासे त्याचे शेजारी आहेत, हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं. बहुतेक जण उलटं करतात. माशांची सुंदर टाकी वर्षभर जमवायची, मग एखाद्या दुकानात हिरवा-निळा-लाल रंगाचा, डोळे गरागरा फिरवणारा हा प्राणी दिसला की पिशवीत घालून आणायचा आणि त्याच टाकीत सोडायचा. महिन्याभरात मासे एकेक करून कमी होतात आणि दोष मँटिसवर येतो. तो शिकारी आहे, तो शिकार करणारच. त्याचं घर, त्याचं खाणं आणि त्याची कात टाकायची वेळ सांभाळली, तर काही विशिष्ट मासे त्याच्या डोक्यावर वर्षानुवर्षं पोहताना मी पाहिले आहेत. खालचा क्रम त्याच अनुभवातून आला आहे. त्यातली पायरी गाळू नका.

आधी ओळख: हातोडीवाला की भालेवाला

नावात श्रिंप असलं तरी ही कोळंबी नव्हे. हा स्टोमॅटोपॉड, म्हणजे कोळंबी-खेकड्यांचा दूरचा भाऊबंद. प्रार्थना कीटकासारखे पुढचे दोन पाय छातीशी दुमडून बसतो, म्हणून मँटिस. याच्या साडेचारशेच्या आसपास जाती माहीत आहेत. पाळणाऱ्याला मात्र त्यांचे दोनच गट पुरतात.

पहिला स्मॅशर. याच्या दुमडलेल्या पायाचं कोपर फुगलेलं, गोटीसारखं टणक असतं. त्याने तो शंख आणि खेकडे फोडतो. खडकाच्या खोबणीत किंवा प्रवाळाच्या तुकड्यांत बीळ करतो. दुसरा स्पिअरर. याच्या पायाला एका बाजूने काटेच काटे असतात, फणीसारखे. तो वाळूत उभं बीळ करून फक्त डोळे बाहेर ठेवतो आणि वरून जाणारा मासा भोसकून आत ओढतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर जे फिकट, चपटे, काटेरी शेपटीचे प्राणी येतात ते या भालेवाल्या गटातले. बंदरावर ते नक्की पाहा, कारण पुढचा पाय हातात घेऊन बघितला की फरक कायमचा लक्षात राहतो. मेलेलाच घ्या. जिवंत असेल तर शेपटीचे काटेही रक्त काढतात.

स्पिअरर आणि मासे एका टाकीत ठेवू नका. याला अपवाद नाही. मासा हेच त्याचं मुख्य अन्न आहे. झेब्रा मँटिस म्हणून मिळणारा मोठा स्पिअरर तर फूटभराहून जास्त वाढतो. त्याला स्वतंत्र टाकी आणि खोल वाळू लागते.

उरला स्मॅशर. दुकानात बहुतेक वेळा मिळतो तो पीकॉक मँटिस, ओडोंटोडॅक्टिलस सिलॅरस. हिंदी आणि प्रशांत महासागरातला, पूर्व आफ्रिकेपासून ग्वामपर्यंत सापडणारा. १८ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. गोनोडॅक्टिलस वगैरे लहान जाती ७-८ सेंटिमीटरच्या असतात. माझं स्पष्ट मत: पहिला मँटिस लहान जातीचा घ्या. रंग पीकॉकइतका भडक नसेल, पण तो बिळाच्या तोंडाशी बसून तुम्हाला न्याहाळतो तेव्हा रंगाची उणीव जाणवत नाही. पीकॉकच हवा असेल तर ८-१० सेंटिमीटरचा घ्या आणि पुढची टाकी मोठी ठेवा.

त्याच्या फटक्याचा हिशेब

टाकी कशी असावी हे कळायला हा फटका समजून घ्यावा लागतो. २००४ मध्ये शीला पटेक आणि रॉय कॅल्डवेल या शास्त्रज्ञांच्या अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या गटाने अतिवेगवान कॅमेऱ्याने पीकॉक मँटिसचा फटका मोजला. पाण्यात तो पाय सेकंदाला २३ मीटरपर्यंत वेग गाठतो. हा वेग नुसत्या स्नायूंचा नसतो. पायाच्या मुळाशी खोगिरासारखा वाकलेला एक कडक भाग स्प्रिंगसारखा दाबून ठेवलेला असतो. खिट्टी सुटली की सगळी ताकद एकदम बाहेर पडते. पाय इतक्या झपाट्याने सरकतो की पाय आणि शंख यांच्यामध्ये बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना दुसरा धक्का बसतो. म्हणजे एका ठोशात शंखाला दोन तडाखे.

१९९८ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रेट यारमथच्या सी लाइफ सेंटरमधल्या टायसन नावाच्या पीकॉक मँटिसने पाव इंची काच फोडली होती. ही गोष्ट ऐकून बरेच जण घाबरतात. लहान जातीने काच फोडण्याची भीती नाही. मोठ्या पीकॉकच्या बाबतीतही अशी घटना क्वचितच घडते. पण तयारी करायला पैसा फार लागत नाही, मग का करू नये?

पायरी १: टाकी

लहान जात एकटी ठेवायची तर ४० लिटर चालतील. मासे हवे असतील तर १०० लिटरच्या खाली जाऊ नका. पीकॉक आणि मासे मिळून तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्या. साधारण १९० लिटर पाणी होतं. इथे लांबीला महत्त्व आहे. माशाला बिळापासून लांब जाता आलं पाहिजे आणि झोपायला दुसरं टोक मिळालं पाहिजे.

पीकॉकसाठी काच १० मिलिमीटरची सांगा आणि तळाला १२ ची. बीळ करताना तो वाळू उपसत तळापर्यंत जातो आणि खालच्या काचेवरच ठोकतो. म्हणून वाळू घालण्याआधी तळावर ॲक्रिलिकची पातळ शीट टाका. दगड थेट या शीटवर ठेवा, मग भोवती वाळू भरा. वाळूवर दगड रचले आणि त्याने खालून पोखरलं तर तेच दगड त्याच्या अंगावर येतात.

हीटर, काचेचा थर्मामीटर, कोपऱ्यातला छोटा फिल्टर यातलं काही टाकीत ठेवू नका. नवी वस्तू दिसली की तो ती ठोकून पाहतो. हीटरची नळी फुटली तर पाण्यात करंट उतरतो. हे सगळं सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीखालच्या जोड-टाकीत न्या. सम्प नसेल तर मागे टांगायचा फिल्टर घ्या. झाकण हवंच, माशांनी उडी मारू नये म्हणूनही.

पायरी २: पाणी, आणि तांब्याशी वैर

पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे फिल्टरने क्षार पूर्ण काढलेलं, त्यात मरीन सॉल्ट मिक्स (समुद्री टाक्यांसाठी मिळणारं तयार मीठ), लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. घरचं मीठ किंवा खडेमीठ नाही. मुंबईकर विचारतात, समुद्र दाराशी आहे तर तिथलंच पाणी का नको? पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी गोडं होतं आणि बाकीचे महिने शहराचं सांडपाणी त्यात असतंच. घनता १.०२४ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या खाली. टाकी चार ते सहा आठवडे रिकामी चालवून हे आकडे स्थिर होईपर्यंत काहीही आणू नका.

तापमान २४ ते २७ अंश. महाराष्ट्रात खरी अडचण इथे येते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात खोलीचं तापमान सहज ३५ च्या वर जातं, नागपूर-अकोल्याचं तर बोलायलाच नको. पृष्ठभागावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, तेवढ्यावर कोकणात भागत नाही कारण हवाच दमट. चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा खर्च झेपत नसेल तर हा छंद थोडा पुढे ढकला. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना साधं आरओ पाणी घाला, खारं नाही. मीठ उडून जात नाही.

आता तांबं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची कित्येक औषधं म्हणजे तांब्याची संयुगं, आपल्या घरगुती भाषेत मोरचूद. माशाला सोसेल तेवढं तांबं मँटिसला मारून टाकतं. म्हणून जुनी टाकी किंवा जुने दगड विकत घेत असाल तर त्यात कधी तांब्याचं औषध पडलं होतं का ते विचारा. चुनखडीचे दगड तांबं शोषून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. मीठ कालवायला तांब्याचं घंगाळ किंवा पितळी पातेलं वापरू नका. प्लास्टिकचा पिंप बरा. दुकानातल्या माशांच्या टाक्यांतही बऱ्याचदा थोडं तांबं कायम असतं, त्यामुळे पिशवीतलं पाणी कधीही आपल्या टाकीत ओतायचं नाही.

पायरी ३: बीळ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ज्या मँटिसला स्वतःचं पक्कं बीळ आहे तो शांत असतो आणि माशांकडे दुर्लक्ष करतो. बीळ नसलेला मँटिस दिवसभर टाकीत हिंडतो, दगड उलथतो, आणि वाटेत येणाऱ्याला ठोकतो. माशांचं निम्मं संरक्षण बिळातच आहे.

पीव्हीसी पाइप सगळ्यात उत्तम. १० सेंटिमीटरच्या पीकॉकला दीड इंची पाइप, तीस-पस्तीस सेंटिमीटर लांब, दोन्ही बाजूंना ४५ अंशाचे एल्बो लावून वर वळवलेला, म्हणजे उथळ यू आकार. पाइपची लांबी प्राण्याच्या तिप्पट धरा. रुंदी अशी हवी की तो आत कोलांटी मारून वळू शकेल पण पोकळ, ऐसपैस वाटणार नाही. पाइप चिकटवायचं सोल्व्हंट लावू नका, जोड नुसते दाबून बसवा. पाइप वाळूत पुरून फक्त तोंडं बाहेर ठेवा. आत अंधार हवा.

तोंडाशी मूठभर शंखांचे तुकडे आणि सुपारीएवढे दगड टाका. संध्याकाळी तो ते एकेक ओढून दार लावतो आणि सकाळी उघडतो. हे पाहायला मिळावं म्हणूनच मी टाकीसमोर चहा घेतो. प्रवाळाचे तुकडे मात्र किनाऱ्यावरून उचलून आणू नका किंवा विकत घेऊ नका. भारतात प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. सिरॅमिकचे मरीन रॉक मिळतात, ते चालतात.

दिवे मंद ठेवा. पीकॉक निसर्गात खोल, मंद उजेडात राहतो. भडक रीफ-लाइटखाली आणि अपुऱ्या बिळात ठेवलेल्या पीकॉकच्या कवचावर खड्डे आणि काळपट डाग पडण्याचा रोग जास्त दिसतो. एकदा तो पसरला की प्राणी वाचवणं फार अवघड असतं.

पायरी ४: मासे कोणते

नियम साधा आहे: चपळ, मधल्या किंवा वरच्या पाण्यात राहणारा, आणि बिळात न घुसणारा मासा. ग्रीन क्रोमिस आणि डॅमसेल या चौकटीत बसतात. डॅमसेल तापट असतात, इतर टाक्यांत त्यांचा त्रास होतो, इथे तोच गुण कामी येतो. त्यांना झोपायला उंचावर, बिळाच्या विरुद्ध टोकाला कपारी करून द्या. दिवसा फटक्यातून निसटणारा मासा रात्री वाळूजवळ झोपला तर सापडतो.

गोबी, ब्लेनी, जॉफिश, मँडरिन हे तळाशी राहणारे मासे नकोत. कार्डिनल तरंगत उभे राहतात, नकोत. क्लाउनफिश एकाच कोपऱ्याला धरून बसतो. कोपरा बिळापासून लांब असला तर जमतं, पण मी ते सुचवणार नाही. समुद्रघोडा आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे तो प्रश्नच नाही.

फायरफिशबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण मला ते महागात पडलं. दिसायला नाजूक, मधल्या पाण्यात राहणारा, चपळ. नियमात बसतो असं वाटलं आणि दुकानदारानेही चालेल म्हणून सांगितलं. पण घाबरला की फायरफिश जवळच्या भोकात शिरतो. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात काहीतरी पडलं, मासा दचकला आणि जवळचं भोक म्हणजे मँटिसचा पाइप. मला फक्त टक असा आवाज ऐकू आला. मासा निवडताना तो पोहतो कुठे एवढंच बघून पुरत नाही. घाबरल्यावर जातो कुठे, तेही विचारा.

उलट बाजूही असते. ट्रिगर, पफर, मोठे रॅस, लायनफिश, ग्रूपर, ईल हे मँटिसला खाऊ शकतात, विशेषतः त्याने कात टाकलेली असताना. आणि एका टाकीत दोन मँटिस तर कधीच नाही.

टाकी साफ ठेवायला लोक गोगलगायी आणि हर्मिट खेकडे सोडतात. इथे ते जेवण ठरतील. म्हणून दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं आणि शेवाळ हाताने घासणं हे तुमचंच काम.

पायरी ५: कोण आधी

मासे आधी. पण थेट टाकीत नाही. वेगळ्या टाकीत किमान चार आठवडे ठेवा. कारण मँटिस आल्यानंतर माशांना पांढरे ठिपके आले तर मुख्य टाकीत तांबं घालता येणार नाही, आणि मिठाचं प्रमाण उतरवून करायचा उपायही करता येणार नाही. दोन्हीने मँटिस मरेल. उपचार काय ते आधीच उरका.

मासे मुख्य टाकीत दोन-तीन आठवडे रुळले, झोपायच्या जागा ठरल्या, की मँटिस आणा. पिशवीतलं पाणी बादलीत घेऊन बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबाथेंबाने तासभर सोडा. मग प्राणी प्लास्टिकच्या डब्याने उचलून पाइपच्या तोंडाशी सोडा. दिवे बंद. पहिले दोन दिवस तो दिसणार नाही, शोधू नका.

मँटिस स्थिरावलेल्या टाकीत नंतर नवा मासा सोडणं मी टाळतो. त्याला ओळखीच्या हालचाली आणि परकी हालचाल यातला फरक कळतो असं मला वाटतं, निदान माझ्या टाकीत नव्या माशावर तो लगेच बाहेर आला.

पायरी ६: खाऊ घालणं

भुकेला मँटिस आणि मासे एकत्र नांदणार नाहीत. आठवड्यातून दोन-तीन वेळा द्या आणि वेळ पाळा. कोळणीकडून आणलेल्या तिसऱ्या (शिंपले), छोटी कालवं, सालासकट कोळंबी, बारीक समुद्री खेकडे. दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून, आरओ पाण्याने धुऊन द्या. लिंबू-मिठाचं, शिजवलेलं काही नको. कवचाचं खाणं मधूनमधून हवंच. फोडणं हे त्याचं काम आहे, ते काढून घेतलं तर तो दगड आणि काच ठोकत बसतो.

लांब प्लास्टिकचा चिमटा वापरा, किमान एक फुटाचा. हात पाण्यात घालायचाच असेल तर आधी तो कुठे आहे ते पाहा. पाणबुडे याला अंगठाफोड्या म्हणतात, ते उगाच नाही.

माशांना खाणं त्याच वेळी टाकीच्या दुसऱ्या टोकाला घाला. खाण्याचे तुकडे वाहत बिळापाशी गेले की मासे त्यामागे जातात आणि तिथेच मारले जातात. पॉवरहेडचा, म्हणजे टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचा प्रवाह बिळाच्या दिशेने नसावा तो याचसाठी.

पायरी ७: कात

वाढीसाठी तो दर काही महिन्यांनी कवच टाकतो, लहान असताना आणखी लवकर. आधी जेवण सोडतो, मग दार पक्कं बंद करतो आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिसत नाही. नवे पाळणारे इथे घाबरून पाइप उपसतात. तसं करू नका. नवं कवच मऊ असतं, हातोडीही मऊ, आणि त्या दिवसांत एखादा डॅमसेल त्याला टोचून मारू शकतो. बंद दार हेच त्याचं संरक्षण असतं.

कधी बाहेर मेलेला मँटिस पडलेला दिसतो. आधी नीट पाहा. आतून पोकळ, डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोप्या असतील तर ती कात आहे. ती तशीच राहू द्या, तो ती थोडी खाऊन टाकतो. दार उघडल्यावरही तीन-चार दिवस मऊ कोळंबीचेच तुकडे द्या. टणक शंख नंतर.

वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप तयार ठेवा. पावसाळ्यात तो आठवड्यातून एकदा चालवून बघा.

वेगळं करायची वेळ आली तर

दोन मासे गेले, तर तिसऱ्याची वाट पाहू नका. मँटिस किंवा मासे वेगळे करा. त्याला समुद्रात किंवा खाडीत सोडून देऊ नका. तो इथला नसेल, आणि असला तरी टाकीतले रोग बरोबर नेईल. ज्याच्याकडे रिकामी मरीन टाकी आहे अशा पाळणाऱ्याला द्या.

जाळीने पकडायला गेलात तर तो जाळी फाडतो आणि स्वतःही जखमी होतो. दुपारी, तो पाइपमध्ये विसावलेला असताना, दोन्ही तोंडांवर एकाच वेळी पीव्हीसीच्या टोप्या दाबा आणि पाइपसकट त्याला बादलीत न्या. टोप्यांना पाणी खेळायला बारीक भोकं पाडलेली हवीत. म्हणून पाइप विकत घेतानाच त्या मापाच्या दोन टोप्या घ्या, भोकं पाडून ठेवा, आणि टाकीखालच्या कपाटात हाताला लागतील अशा जागी ठेवा.